विश्लेषण : बलाढ्य शाळांनाच कॉन्फरन्सबाहेरचा रस्ता? अमेरिकेच्या हायस्कूल क्रीडाविश्वात काय घडतेय?

अमेरिकेतील इंडियाना राज्यात हायस्कूलचे सामने हा गावाच्या अभिमानाचा विषय असतो. याच राज्यात २०२२ मध्ये कार्मेल आणि सेंटर ग्रोव्ह या दोन नामांकित शाळांशिवाय पुढे जाण्याचा निर्णय त्यांच्याच कॉन्फरन्समधील उरलेल्या सहा शाळांनी घेतला. खेळात कमी पडल्या म्हणून या दोन शाळा बाहेर गेल्या नाहीत. उलट राज्यातील सर्वात यशस्वी शाळांमध्ये त्यांची गणना होते. मग असे का घडले? शाळांच्या या गटांची फेररचना सतत का होत असते? आणि त्याचा फटका कोणाला बसतो?

हायस्कूल कॉन्फरन्स म्हणजे काय?

महाराष्ट्रात शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. कोणत्या शाळेने कोणाशी खेळायचे, हे शाळा ठरवत नाही. अमेरिकेत मात्र वर्षभराचे नियमित सामने आणि वर्षअखेरची राज्य स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित सामन्यांसाठी परिसरातील सहा ते दहा शाळा एकत्र येऊन एक कायमस्वरूपी गट करतात. त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. गटातील शाळा दरवर्षी एकमेकींशी साखळी सामने खेळतात, गटाचा विजेता ठरवतात आणि उत्कृष्ट खेळाडूंची निवड जाहीर करतात. फुटबॉल, बास्केटबॉलपासून जलतरण, गोल्फ, टेनिस, कुस्तीपर्यंत बहुतेक खेळांचे वेळापत्रक याच गटावर बेतलेले असते.

इंडियानात ‘इंडियाना हायस्कूल अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ ही १९०३ मध्ये स्थापन झालेली संघटना राज्य स्पर्धा भरवते आणि खेळाडूंच्या पात्रतेचे नियम ठरवते. पण कोणती शाळा कोणत्या कॉन्फरन्समध्ये असावी, हे ती ठरवत नाही. कॉन्फरन्स हा शाळांनी आपसात केलेला करार असतो. मुख्याध्यापक आणि क्रीडा संचालक मतदान करून नवा सदस्य घेतात. जुन्या सदस्याला निरोपही तसाच दिला जातो.

२०२२ मध्ये नेमके काय झाले?

‘मेट्रोपॉलिटन इंटरस्कोलॅस्टिक कॉन्फरन्स’ म्हणजेच ‘मिक’ हा इंडियानापोलिस शहर परिसरातील मोठ्या शाळांचा गट १९९६ मध्ये सुरू झाला. टेरे हॉट शहरातील दोन शाळाही काही वर्षे या गटात होत्या. ते शहर इंडियानापोलिसपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. पुढे या शाळांनी दुसरा गट धरला. त्यानंतर आठ शाळा उरल्या : बेन डेव्हिस, लॉरेन्स सेंट्रल, लॉरेन्स नॉर्थ, नॉर्थ सेंट्रल, पाइक, वॉरन सेंट्रल, कार्मेल आणि सेंटर ग्रोव्ह.

यातील पहिल्या सहा शाळा इंडियानापोलिस ज्या काउंटीत आहे, त्या मॅरियन काउंटीतील. कार्मेल उत्तरेच्या उपनगरात, तर सेंटर ग्रोव्ह दक्षिणेच्या. २०२२-२३ चे शालेय वर्ष संपताच या दोन शाळा गटाबाहेर जातील, असे ठरले. या दोघींनी ‘हूजियर क्रॉसरोड्स कॉन्फरन्स’ या उपनगरी शाळांच्या गटाकडे विचारणा केली, पण तेथेही प्रवेश मिळाला नाही. २०२३-२४ पासून दोन्ही शाळा कोणत्याही गटाविना, ‘स्वतंत्र’ म्हणून मैदानात उतरल्या.

मुद्दा केवळ पटसंख्येचा आहे का?

तसे दिसत नाही. कार्मेलची पटसंख्या पाच हजारांहून अधिक आहे, हे खरे. पण सेंटर ग्रोव्हपेक्षा मोठ्या शाळा ‘मिक’मध्ये आहेत. फुटबॉलमध्येही सामना एकतर्फी नव्हता. सेंटर ग्रोव्हने २०२०, २०२१ आणि २०२२ असे सलग तीन वर्षे सर्वात मोठ्या गटातील राज्य विजेतेपद मिळवले. मात्र बेन डेव्हिसने २०२३ मध्ये तेच विजेतेपद पटकावले आणि वॉरन सेंट्रललाही विजेतेपदांची मोठी परंपरा आहे.

दरी दिसते ती इतर खेळांत. कार्मेलच्या मुलींच्या जलतरण संघाने १९८७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता सलग ३८ वेळा राज्य विजेतेपद मिळवले. जलतरण, गोल्फ, टेनिस या खेळांत शाळेतील सरावापेक्षा लहानपणापासूनचे क्लब, खासगी प्रशिक्षण आणि पालकांचा वेळ व पैसा निर्णायक ठरतो. ‘मिक’च्या सहा शाळांत सवलतीच्या भोजन योजनेस पात्र असलेल्या, म्हणजे कमी उत्पन्न गटातील मुलांचे प्रमाण कार्मेलपेक्षा कितीतरी अधिक आहे. पट सारखा असला तरी पाठबळ सारखे नसते.

याची मुळे शहराच्या रचनेतही आहेत. १९७० मध्ये इंडियानापोलिस शहर आणि मॅरियन काउंटीचा कारभार एकत्र करण्यात आला. पण शाळांचे कारभार एकत्र झाले नाहीत. टाउनशिपनिहाय शालेय जिल्हे वेगळेच राहिले. पुढच्या काही दशकांत अनेक सधन कुटुंबे काउंटीची हद्द ओलांडून बाहेर गेली. ज्या टाउनशिप शाळा एके काळी उपनगरी म्हणून ओळखल्या जात, त्या आता शहरी शाळा झाल्या आहेत. म्हणजे एकाच कॉन्फरन्समधील शाळा जागच्या जागी राहिल्या, पण त्यांच्याभोवतीची वस्ती बदलली.

कॉन्फरन्स नसेल तर काय बिघडते?

राज्य स्पर्धेचा रस्ता बंद होत नाही. इंडियानात कॉन्फरन्समध्ये असो वा नसो, शाळेला राज्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत खेळता येते. अडचण होते ती वेळापत्रकाची. इंडियानात फुटबॉलच्या नियमित हंगामात नऊ सामने असतात. आठ शाळांच्या गटात त्यातले सात आपोआप ठरतात आणि क्रीडा संचालकाला फक्त दोन प्रतिस्पर्धी शोधावे लागतात. गट सुटला की हेच काम नऊ सामन्यांसाठी करावे लागते. तेही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा परिसरातील बहुतेक शाळा आपापल्या गटाच्या सामन्यांत गुंतलेल्या असतात. परिणामी मोठ्या फुटबॉल संघांना शेजारच्या राज्यांतील शाळांशी सामने ठरवावे लागतात.

मुख्य संघाला दूरच्या बलाढ्य शाळेशी खेळण्यात प्रतिष्ठा असते. पण शाळेचा एकच संघ नसतो. नववीच्या मुलांचा संघ, दुय्यम संघ, मुलींचे संघ, धावपटू, कुस्तीगीर अशा प्रत्येकासाठी प्रतिस्पर्धी, पंच आणि बस हवी. संध्याकाळी सामना खेळून रात्री घरी परतणाऱ्या मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात बसायचे असते. त्यामुळे प्रवासाचा प्रत्येक जादा तास त्यांच्या अभ्यासातून आणि झोपेतून वजा होतो. शिवाय गटाचे विजेतेपद आणि गटाच्या निवड संघातील नाव हे सामान्य खेळाडूच्या आवाक्यातले मान असतात. ते त्याला मिळू शकत नाहीत.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब आहे. आठच्या सहा शाळा झाल्यावर ‘मिक’मधील प्रत्येक संघाचे गटातील फुटबॉल सामने सातवरून पाचवर आले. उरलेले चार बाहेर शोधावे लागतात. ‘हूजियर क्रॉसरोड्स’मध्ये आठ शाळा आहेत. तेथे दोन शाळा आणखी घेतल्या असत्या, तर गटातील सामनेच नऊ झाले असते आणि कोणालाही एकही मोकळी तारीख उरली नसती.

असे पूर्वीही झाले आहे का?

इंडियानातील कॉन्फरन्सचा इतिहास म्हणजे राज्याच्या वस्तीचा आणि कारखान्यांचाच इतिहास आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेली ‘नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स’ हे त्याचे उत्तम उदाहरण. अँडरसन, मन्सी, कोकोमो, रिचमंड, लोगन्सपोर्ट अशा कारखानदारीच्या शहरांतील शाळांचा हा गट अनेक दशके राज्यातील बास्केटबॉलचा बालेकिल्ला मानला गेला. या शहरांनी हायस्कूलसाठी हजारो आसनांची प्रेक्षागृहे बांधली. न्यू कॅसल येथील १९५९ चे प्रेक्षागृह जगातील सर्वात मोठे हायस्कूल प्रेक्षागृह म्हणून ओळखले जाते.

नंतर कारखाने गेले. अँडरसन हे जनरल मोटर्सचे शहर. १९७० मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे ७० हजार होती, २०२० मध्ये ती ५५ हजारांच्या आसपास आली. शहरात तीन सार्वजनिक हायस्कूल होती. मॅडिसन हाइट्स १९९७ मध्ये, तर हायलँड २०१० मध्ये बंद झाले. अँडरसन हायस्कूल उरले, पण त्याचे सुमारे नऊ हजार आसनांचे ‘विगवॅम’ प्रेक्षागृह २०११ मध्ये खर्च परवडेना म्हणून बंद करावे लागले. मन्सीतही २०१४ मध्ये साउथसाइड हायस्कूल बंद होऊन मन्सी सेंट्रलमध्ये विलीन झाले.

याच काळात अँडरसनपासून साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावरील फिशर्स हे गाव १९९० मधील सात हजारांच्या वस्तीवरून २०२० मध्ये सुमारे ९९ हजारांवर पोहोचले. तेथील नवे हायस्कूल २००६ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये त्याने सर्वात मोठ्या गटातील मुलांचे बास्केटबॉल विजेतेपद जिंकले. अशा वाढत्या शाळांनी आपले वेगळे गट केले. जुन्या गटांना मात्र सदस्य टिकवण्यासाठी दूरवर पाहावे लागले. ओहायोच्या सीमेवरील रिचमंड आणि पश्चिमेकडील लाफायेट हे एकाच गटात असले, तर एका बाजूचा प्रवासच दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. न्यू कॅसल तर आता ‘हूजियर हेरिटेज’ या दुसऱ्याच गटात आहे.

मायलनची गोष्ट का आठवली जाते?

१९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने राज्य बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलला ३२-३० असे हरवले. १९८६ च्या ‘हूजियर्स’ चित्रपटाची प्रेरणा हीच. त्या वर्षी साडेसातशेच्या आसपास शाळा एकाच स्पर्धेत उतरल्या होत्या, लहान-मोठा असा भेद नव्हता. १९५९ च्या शालेय पुनर्रचना कायद्यानंतर लहान शाळांची विलीनीकरणे वेगाने झाली. आज राज्य संघटनेच्या सदस्य शाळा चारशेच्या आसपास आहेत. १९९७-९८ पासून बास्केटबॉलची राज्य स्पर्धाही पटसंख्येनुसार चार गटांत विभागली गेली.

त्या निर्णयावर इंडियानात आजही वाद होतो. एक बाजू म्हणते, लहान शाळांना जिंकण्याची खरी संधी मिळाली. दुसरी म्हणते, शेजारच्या मोठ्या शाळेला हरवण्याची मजाच गेली. कॉन्फरन्सच्या फेररचनेमागेही हाच पेच आहे. समान ताकदीचा प्रतिस्पर्धी हवा की शेजारचा? पूर्वी दोन्ही एकाच ठिकाणी मिळत. आता बरोबरीची शाळा शंभर किलोमीटरवर आणि शेजारची शाळा बरोबरीची नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे.

इतर राज्ये काय करतात?

सर्वच राज्ये हा निर्णय शाळांवर सोडत नाहीत. टेक्सासमध्ये ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग’ दर दोन वर्षांनी पटसंख्या मोजते आणि शाळांचे गट व जिल्हे नव्याने ठरवते. ओरेगॉनमध्येही राज्य संघटनाच लीगची रचना करते. या पद्धतीत एखादी शाळा एकटी पडत नाही. पण निर्णय वरून येतो. शंभर वर्षांची चुरस एका यादीने मोडू शकते आणि लांबच्या प्रवासाची तक्रार करूनही उपयोग होईलच असे नाही. इंडियानाच्या पद्धतीत शाळांना स्वातंत्र्य आहे, पण कोणालाच नको असलेल्या शाळेची जबाबदारी कोणाचीच नाही.

महाविद्यालयीन क्रीडाविश्वातही २०२४ मध्ये मोठी पळापळ झाली आणि ‘पॅक-१२’ या जुन्या कॉन्फरन्समध्ये दोनच सदस्य उरले. तेथे कारण होते दूरचित्रवाणी हक्कांचे कोट्यवधी डॉलर. हायस्कूलकडे असा पैसा नाही. तिकिटे, खाद्यपदार्थांची विक्री आणि पालकांच्या मंडळाच्या देणग्या यांवर बराच खर्च चालतो. म्हणून शेजारच्या शाळेविरुद्धचा सामना महत्त्वाचा असतो. त्याला दोन्हीकडचे प्रेक्षक येतात.

पुढे काय?

बाहेर पडलेल्या शाळांपुढे तीन पर्याय असतात : दुसऱ्या गटात जागा मिळवणे, स्वतःसारख्या शाळा जमवून नवा गट उभारणे, किंवा स्वतंत्र राहणे. मोठ्या आणि सधन शाळांना तिसरा पर्याय निदान परवडतो. तीच वेळ पट घटलेल्या, सतत हरणाऱ्या शाळेवर आली तर तिला नऊ प्रतिस्पर्धी मिळणेही अवघड, आणि दूरच्या प्रवासाचा खर्च त्याहून अवघड. त्यामुळे कार्मेल आणि सेंटर ग्रोव्हच्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न या दोन शाळांपुरता नाही. गटात कोणाला घ्यायचे हे शाळांनीच ठरवायचे, तर ज्यांना कोणी घेत नाही त्यांचे वेळापत्रक कोण भरणार, याचे उत्तर इंडियानाच्या सध्याच्या पद्धतीत नाही.