बूड पाहून घ्यावं

लोणच्याच्या बरणीला कोणी कलाकृती म्हणत नाही. पण तिच्या गळ्याकडे नीट बघा. काठाखाली ती किंचित आत गेलेली असते, म्हणून दादऱ्याची दोरी तिथे बसते, वर सरकत नाही. खार मुरू नये म्हणून अंगावर झिलई. माठाचं उलटं. त्याला झिलई दिली तर तो फुकट गेला, कारण पाणी झिरपून बाहेर उडतं तेव्हाच आतलं गार होतं. आजचं सिरॅमिक बघायचं तर डोळा आधी अशा भांड्यांवर तयार करावा. वापरायचं ते हस्तकौशल्य आणि बिनउपयोगाचं ते कला, ही प्रदर्शनांतून रुजलेली वाटणी मला पटत नाही.

पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी पाहिली की ही वाटणी फारशी टिकतही नाही. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकी जोडीने ही पॉटरी १९७१ मध्ये सुरू केली. डेबोरा जपानमधल्या बिझेनला शिकलेल्या, तर रे वास्तुकलेकडून मातीकडे वळलेले. डेबोरांनी रोजच्या वापरातल्या भांड्यांचं काम सांभाळलं. रे यांनी विद्यार्थी घडवले आणि माणसाहून उंच शिल्पं उभी केली. एकच आवार, एकच आग.

साधी किटली घ्या. तोटीचं टोक पोटाच्या तोंडापेक्षा खाली आलं, तर किटली काठोकाठ भरायच्या आधीच चहा तोटीतून सांडायला लागतो. तोटीची कड बोथट असली की शेवटचा थेंब खाली ओघळतो आणि टेबलक्लॉथवर डाग पडतो. झाकण भांड्याबरोबरच, त्याच मातीचं करून वाळवावं लागतं. ओल्या मातीपासून भाजून निघेपर्यंत स्टोनवेअर साधारण दहा-बारा टक्के आकसतं, आणि दोघांनी सारखंच आकसायला हवं. एवढं सांभाळून किटली देखणी दिसली पाहिजे. शिल्पकाराला निदान चहाची काळजी नसते!

रे मीकर यांनी मात्र त्याहून मोठी काळजी अंगावर घेतली. १९८०च्या दशकात त्यांनी कच्च्या विटांची घरं बांधून ती जागच्या जागी भाजायला घेतली. घर हीच भट्टी. आत कच्च्या विटा आणि इतर माल रचायचा, काही दिवस जाळ चालू ठेवायचा. भिंती पक्क्या होणार आणि आतला माल विकून सरपणाचा खर्च निघणार, असा हिशेब. सपाट छपराला लागणारं लाकूड या आगीत टिकणार कसं? म्हणून छपरं कमानीची आणि घुमटाची. या घरांचा डौल आगीनेच ठरवला. पुढे हे काम थांबलं आणि रे शिल्पांकडे परतले.

दुसऱ्या टोकाला मॅग्डलीन ओडुंडो. जन्म केनियातला, काम ब्रिटनमध्ये. त्या चाक वापरत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं उभं करतात, घोटून घोटून चकचकीत करतात. झिलई नाहीच. मोकळ्या हवेत भाजलं की नारिंगी तांबूस रंग येतो, हवा कोंडून धुरात भाजलं की काळा. या भांड्यांत कोणी पाणी भरत नाही. पण लांब मान, फुगीर पोट आणि पसरट ओठ बघताना मान कुठे धरायची, वजन कुठे येईल, हे आपल्या हाताला न सांगता कळतं. उपयोग वजा केला तरी त्याची आठवण आकारात राहते, आणि माझ्या मते या भांड्यांचा निम्मा जोर तिच्यात आहे.

दिवाळीच्या प्रदर्शनात एखादा मग आवडला, तर आधी विचारून उचला. त्याच्या कानात बोटं घालून भरलेल्या मगाचा अंदाज घ्या, ओठाची जाडी पाहा आणि मग तो उलटा करा. बुडाला झिलई नसणं हा दोष नाही; तिथे झिलई असती तर मग भट्टीतल्या फळीलाच चिकटला असता. मात्र बूड हाताला खरखरीत लागलं तर घेऊ नका, टेबलावर ओरखडे पडतील. विकणाऱ्याला तिथेच सांगा. ते घासून गुळगुळीत करून देणं हे त्याचंच काम आहे.