अल्पवयीनांचे व्यसन : शिक्षा कोणास, उपचार कोणास?

शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे पंचगंगेकाठचे जुने संस्थानी गाव. एका बाजूस सांगली-मिरज, तर दुसऱ्या बाजूस कर्नाटकाचा बेळगाव जिल्हा. त्यामुळे माणसांची व मालाची ये-जा येथे नित्याचीच आहे. अमली पदार्थांचा धोका केवळ महानगरांपुरता आहे, असे मानून या परिसरास आता स्वस्थ राहता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ येथे मेफेड्रोन बनविणारा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा तपासाचा धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोहोचला आणि तेथेही साठा हाती लागला.

मुलगा व्यसनात सापडल्याचे कळताच अनेक कुटुंबे पोलिसांच्या व लोकापवादाच्या भयाने ती गोष्ट झाकून ठेवतात. त्यात उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. वस्तुतः व्यसनी मूल आणि त्याला व्यसन पुरविणारा प्रौढ यांत कायद्याने स्पष्ट भेद केला आहे.

अमली पदार्थांसंबंधीचा १९८५ चा केंद्रीय अधिनियम व्यापाऱ्यास कठोर शिक्षा सांगतो. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ६४-क नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या अपराधाचा खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते.

अठरा वर्षांखालील मुलांना बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. ताब्यात घेतलेल्या मुलास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. पालकांना कळवून, प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळ समुपदेशन, समाजसेवा किंवा व्यसनमुक्तीचा उपचार यांचा आदेश देऊ शकते. मुलाचे नाव वा शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मोठ्या व्यापारी साठ्याचे प्रकरण मात्र वेगळे. तेथे सोळा वर्षांवरील मुलाच्या बाबतीत मंडळास प्राथमिक मूल्यांकन करावे लागते.

याउलट, वैद्यकीय सल्ल्याविना मुलास मद्य, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास कलम ७७ नुसार, आणि अशा मालाची विक्री वा वाहतूक मुलाकरवी करविणाऱ्यास कलम ७८ नुसार, सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या अधिनियमाने बंदी आहे.

तथापि केवळ कायद्याने हे कार्य साधणार नाही. वारंवार गैरहजेरी, अभ्यासातील अचानक घसरण, घरातील पैसे नाहीसे होणे ही लक्षणे प्रथम शिक्षकांच्या व पालकांच्याच दृष्टीस पडतात. त्यांवरून व्यसन सिद्ध होत नाही, पण आस्थेने विचारपूस करण्यास ती पुरेशी आहेत. शाळेने मुलाचे नाव कमी केले, तर ते विक्रेत्याच्या अधिकच जवळ जाते. त्यापेक्षा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेचा सल्ला घ्यावा. संकटातील मुलासाठी १०९८ ही सेवा आहे. विक्रीची माहिती १९३३ या क्रमांकावर देता येते.

ग्रामपंचायतींनी व नगरपरिषदेने शाळांभोवतीच्या टपऱ्यांवर लक्ष ठेवावे आणि हे क्रमांक सूचनाफलकावर लावावेत. मुलास उपचाराचा व विक्रेत्यास शिक्षेचा मार्ग कायद्याने आखून दिला आहे. मुलाने योग्य मार्गास लागावे यासाठी त्याला वेळीच हात देणे, हे गावाचे कर्तव्य होय.