चेटकिणींचे न्यायनिवाडे आणि साक्षीचा प्रश्न

आमच्या इंदूरभोवतालच्या माळव्यात आणि पश्चिमेकडील भिल्ल मुलखात 'डाकीण' हा शब्द एके काळी शिवी नव्हता, तो निकालच होता. गावात मूल वा गुरे दगावली की लोक बडव्याकडे जात व तो एखाद्या स्त्रीचे नाव घेई. तिला पाण्यात टाकीत; बुडाली तर निर्दोष, तरंगली तर डाकीण. कोठे डोळ्यांवर मिरची बांधून, झाडाला उलटे टांगून, कबुली मिळेपर्यंत झोके देत. पुढे मुंडण, दात पाडणे, गावाबाहेर घालविणे किंवा देहान्त. सर जॉन माल्कम यांनी 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात या समजुतीची नोंद केली आहे. उदयपूर दरबाराने 1853 साली या प्रथेस बंदी केली.

या प्रकारास रानटी म्हणण्यापूर्वी आपण ख्रिस्ती वाचकांनी आपल्याच इतिहासाकडे पाहिले पाहिजे. युरोपात हे काम न्यायालयांनी, लेखी कायद्याने आणि निर्गम 22:18 या वचनाचा आधार घेऊन केले. सम्राट पाचवा चार्ल्स याच्या 1532 च्या फौजदारी संहितेत जादूने अपाय करणाऱ्यास जाळण्याची शिक्षा होती. दोषी ठरविण्यास दोन साक्षीदार किंवा आरोपीची कबुली आवश्यक असे. अनुवाद 19:15 मध्येही दोन किंवा तीन साक्षीदारांची अट आहे. परंतु चेटूक हा गुप्त अपराध मानलेला. त्याला साक्षीदार कोठून मिळणार? म्हणून कबुली हवी, आणि कबुलीसाठी यातना. यातनांखाली आरोपी आणखी नावे घेई व खटल्यांची साखळी वाढत जाई. निरपराध्याच्या रक्षणार्थ घातलेली अट अशा रीतीने त्याच्याच छळाचे कारण झाली. फ्रीड्रिख श्पे या जेझुइट धर्मगुरूने 1631 साली निनावी ग्रंथ लिहून हा दोष उघड केला.

अमेरिकेतील सेलम येथे 1692 साली आरोपीची आकृती आपणांस छळते, हे तक्रारदाराचे म्हणणे पुरावा म्हणून स्वीकारले गेले. एकोणीस जणांना फाशी झाली. उत्तर देण्यास नाकारणारा एक वृद्ध दगडांखाली चिरडला गेला. ज्यांनी कबुली दिली ते वाचले. खोटे बोलण्यास जे तयार झाले नाहीत, ते मेले.

माळव्याचा बडवा व युरोपचा न्यायाधीश यांत या बाबतीत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. आरोप हाच पुरावा ठरला की आरोपीस सुटकेचे दार उरत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दिशा बदलली. तेथे चेटकाचा आरोप लादून छळणारा गुन्हेगार ठरतो.

सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सेवॉल 1697 साली बॉस्टनच्या उपासनामंदिरात मंडळीसमोर उभा राहिला आणि त्याचा दोषस्वीकार पाळकाने वाचून दाखविला. आपल्या गावी एखाद्या विधवेविषयी कुजबूज सुरू होते, तेव्हा तिच्या बाजूने साक्ष देण्यास मंडळीतील कोणी उभा राहतो काय? हा प्रश्न आम्ही सेवकवर्गापुढे ठेवीत आहोत.