स्काऊट पथक आणि मोठी माणसे : गैरसमज व वस्तुस्थिती

शाळेत स्काऊट पथक सुरू करायचे ठरले की ते हमखास पीटीच्या सरांच्या गळ्यात पडते. स्काऊट म्हणजे कवायत, इस्त्रीचा गणवेश आणि २६ जानेवारीचे संचलन, असा घट्ट समज आहे. त्यामुळे वेळ देऊ शकणारे पालक, निवृत्त शिक्षिका, महाविद्यालयातले तरुण ‘आपल्याला परेड येत नाही’ म्हणून लांबच राहतात. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल लष्करी अधिकारी होते हे खरे. पण ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिले शिबिर घेतले, तेव्हा सुमारे वीस मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक दिला. माग काढणे, निरीक्षण, रानात राहणे, जीव वाचवणे हा तिथला अभ्यास होता. संचलन आजही आहे, पण कार्यक्रमाचा तो छोटा भाग आहे.

‘हे इंग्रजांचे खूळ’ असेही ऐकू येते. भारतात सुरुवातीची पथके इंग्रज मुलांसाठीच होती. म्हणूनच ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये आणि मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने सेवा समितीने १९१८ मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी गाईड्सही तिच्यात आल्या. मुलींच्या बाबतीत पुण्याला तर खास मान आहे : आळंदी रस्त्यावरचे ‘संगम’ हे गर्ल गाईड्सचे जागतिक केंद्र १९६६ पासून इथे आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र आपल्या मायेतून येतो. सगळे सरांनी किंवा बाईंनीच करायचे! रविवारी सकाळी स्वारगेटहून सिंहगडच्या पायथ्याला जायचे आहे, असे समजा. बसची चौकशी मोठ्यांनी केली, तिकिटे मोठ्यांनी काढली, डबेही त्यांनीच वाटले, तर मुलांची नुसती सहल झाली. संघ सहा ते आठ जणांचा असतो, तो याचसाठी. संघनायक बस कुठून सुटते ते विचारून येतो, दुसरा सर्वांचे पैसे गोळा करून हिशेब ठेवतो, तिसऱ्याकडे प्रथमोपचाराची पेटी. चढताना आणि उतरताना संघनायकच डोकी मोजतो आणि सरांना आकडा सांगतो. बटाटे कमी आणले तर त्या दिवशी भाजी कमी मिळेल, ते चालते. कुणाचा जीव धोक्यात येईल ते मात्र कधीच चालत नाही. या दोहोंमधली रेघ ओळखणे हेच मोठ्या माणसाचे काम. भांडण झाले तर शिक्षा सुनावण्याची घाई नको. संघनायकांची ‘कोर्ट ऑफ ऑनर’ बसते, तिथे मुलांना आधी बोलू द्यावे.

गाठी आणि शिट्टीच्या खुणा येत नाहीत, ही अडचण नव्हेच. संस्थेचे निवासी बेसिक प्रशिक्षण असते, पुढे ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज. गाठी तिथे शिकवतात. मुलांचे ऐकून घेण्याचा धीर आधीपासून असला तर फार बरे.

‘ओळखीचे सर आहेत, एकटे नेतील मुलांना’ या वाक्यावर मी ठामपणे हरकत घेईन. सर कितीही सज्जन असोत, बरोबर किमान दोन प्रौढ हवेत. मुली असतील तर त्यात स्त्री असलीच पाहिजे. मोठ्या माणसाने एखाद्या मुलाशी बंद खोलीत एकट्याने बोलू नये. मोठ्यांचे आणि मुलांचे झोपायचे तंबू वेगळे असावेत. हा कुणावरचा अविश्वास नाही; याने मुलांचे रक्षण होते आणि सरांचेही. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या कुणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी आपल्यात चौकशी करू, संस्थेचे नाव जाईल’ म्हणत थांबता येत नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ प्रत्येक संघनायकाला पाठ हवा.

प्रथमोपचारातले जुने समज तर थेट जिवावर बेततात. साप चावल्यावर वर करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, यांतले काहीही करायचे नाही. मुलाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी किंवा कडे काढावे आणि १०८ ला फोन करून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. साप पकडून बरोबर न्यायची गरज नसते. गडांवर सापापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त. मोहोळाजवळ आरडाओरडा, धूर, अत्तर नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोके झाकून लांब निघून जावे. पावसाळ्यात धबधब्याखाली उतरण्याचा हट्ट संघाने एकमताने धरला, तरी उत्तर ‘नाही’ हेच. तिथे मतदान नसते.

आठवड्यातले दोन तास देता येत असतील, तर जवळच्या शाळेत पथक आहे का विचारा. नसेल तर मुख्याध्यापकांना घेऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा संस्थेकडे जा आणि पुढच्या बेसिक प्रशिक्षणात नाव नोंदवा.