दमेकरी बालक व श्वासावाटे द्यावयाचे औषध

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर धानाचे पुंजणे मोडून मळणी सुरू झाली, म्हणजे हवेत तूस व धूळ पसरते. पहाटेचे धुके व चुलीचा धूर यांची त्यात भर पडते. अशा दिवसांत वर्गातील एखादे मूल धापा टाकू लागते. त्याच्या दप्तरात डॉक्टरांनी दिलेला ‘पंप’, म्हणजे इनहेलर, असतोही; परंतु पंप जवळ असणे आणि त्यातील औषध फुप्फुसात पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

दम्यात श्वासनलिका आखडतात व त्यांचे अस्तर सुजते. इनहेलरचे औषध अल्प मात्रेत थेट तेथेच उतरते. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे. मात्र फवारा अतिशय वेगाने सुटतो. दाबणे व श्वास ओढणे यांचा मेळ लहान मुलास साधत नाही आणि बहुतेक औषध घशातच राहते.

हा दोष स्पेसर नावाच्या पोकळ नळकांड्याने दूर होतो. फवारा प्रथम त्यात साठतो व मूल तो सावकाश ओढून घेते. केप टाउन येथील डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीपासून केलेला स्पेसरही विकतच्याइतकाच उपयोगी ठरला. असा स्पेसर डॉक्टरांना दाखवूनच वापरावा.

औषध देताना मुलास ताठ बसवावे. टोपण काढून इनहेलर चांगला हलवावा व स्पेसरला जोडावा. मुलाने श्वास सोडून स्पेसरचे तोंड दातांमध्ये धरावे व ओठ घट्ट मिटावे. मग एकदाच दाबून पाच-सहा संथ श्वास घेऊ द्यावेत. दोन फवारे एकदम मारू नयेत. दुसऱ्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून इनहेलर पुन्हा हलवावा.

रोज घ्यावयाचा इनहेलर निराळा व झटक्यात आराम देणारा निराळा. हा दुसरा बहुधा निळा असतो. कोणता केव्हा द्यावयाचा, हे पालकांकडून आधीच लिहून घ्यावे. झटका आल्यास मुलास आडवे करू नये. आराम देणाऱ्या इनहेलरचे ४ फवारे एकेक करून द्यावेत, ४ मिनिटे थांबावे व गरज वाटल्यास पुन्हा ४ द्यावेत. तरीही उतार न पडल्यास, अथवा मुलास बोलवत नसल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास, १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत फवारे देत राहावे.

इनहेलर कुलूपबंद कपाटात ठेवू नये. किल्ली शोधण्यात गेलेली मिनिटे त्या बालकाच्या श्वासाची असतात.