बसवलेल्या गाडीला टायर किती रुंद?

मागच्या भागात आपण स्प्रिंग बदलून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. त्यानंतरचा हट्ट ठरलेला असतो: आता टायर रुंद हवेत. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "दादा, दोनशेपाच बसेल का?" दुकानदार म्हणतो, "बसतो की!" खोटं नाही ते. उभ्या गाडीला बसतोच. पण आत चार माणसं आहेत, स्टेअरिंग पूर्ण कापलंय आणि गाडी सोसायटीच्या गेटातला चढ चढतेय, तेव्हा तो कुठे घासतो हे दुकानात कळत नाही.

उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेऊ. वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. १८५ मिलिमीटर ही टायरची रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. चाकाचा व्यास होतो साधारण ६२२ मिलिमीटर. खालच्या मॉडेलच्या १६५/८० आर १४ चा व्यास काढून पाहा, ६२० येतो. रुंदी बदलली, रिम बदलली, पण कंपनीने व्यास हलू दिला नाही. आपणही तो हलू देऊ नये.

आता जागेचा हिशेब. पुढच्या चाकाला मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात, आणि चाकाचा हब त्या खांबालाच बोल्टने आवळलेला. चाक वर गेलं की स्ट्रटचा खालचा भागही सोबत वर जातो. त्यामुळे गाडी कितीही खाली घ्या, टायर आणि स्ट्रट यांच्यातली फट तेवढीच राहते. कमी होते ती वरची जागा, मडगार्डच्या कडेखालची आणि आतल्या प्लास्टिक लायनरजवळची. आतली फट खातात रुंद रिम, चुकीचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) आणि जाड टायर. कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्ट्रट, असतील तर अपवाद आहे: स्प्रिंगची वाटी खाली आणली की कधी कधी ती नेमकी टायरच्या शेजारी येते.

साडेपाच इंची रिमच्या जागी सात इंची घेतली तर रुंदी ३८ मिलिमीटरने वाढते. ऑफसेट तोच ठेवला तर १९ आत, १९ बाहेर. ऑफसेट ४५ वरून ३५ केला की आत फक्त ९ जातात, पण बाहेर २९. खाली बसलेल्या गाडीत हे २९ मिलिमीटर मडगार्डच्या पत्र्यालाच जाऊन भिडतात. शिवाय चाक बाहेर सरकल्याने, स्टेअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथून टायरचा मध्यही लांब जातो. इंजिन याच चाकांना ओढतं, त्यामुळे जोरात ॲक्सिलरेटर दिला किंवा एक चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग हातातून ओढ घेतं. मागून ओढणाऱ्या गाडीत हा त्रास इतका जाणवत नाही.

पुढच्या चाकांवर वजन जास्त, वळणं त्यांनीच घ्यायची, जोरही त्यांनीच लावायचा. म्हणूनच १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे १६५ आणि मागे १५५ रुंदीचे टायर होते. आपल्याकडे काही जण दिसायला बरं म्हणून मागे रुंद टायर घालतात. पुढून ओढणारी गाडी मुळातच वळणावर बाहेर जाऊ पाहते, त्यात ही आणखी भर. चारही सारखे ठेवावेत, हे माझं स्पष्ट मत.

मग कोणता घ्यायचा? माझा कौल १९५/५५ आर १६ ला, सहा इंची रिमवर. व्यास ६२१, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास होता तसाच. २०५/५५ आर १५ घेतला तर व्यास ६०६ वर येतो, काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी सत्त्याण्णवच्या आसपास असते. आणि १९५/५० आर १५? बसकी गाडी आणखी बसकी दिसते म्हणून तो खपतो. पण त्याने गाडीचं पोट आणखी २३ मिलिमीटर खाली येतं, आणि भार पेलायचा आकडा ८८ वरून साधारण ८२ वर, म्हणजे टायरमागे ५६० किलोवरून ४७५ वर. गावाकडच्या स्पीड ब्रेकरवर त्याचं काय होतं ते इंजिनच्या चेंबरला विचारा.

कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आपल्या गाडीला कंपनीने कोणते आकार मान्य केले आहेत ते आधी पाहा.

पावसाचा विचार वेगळा. रुंद टायरखालून बाहेर पडायला पाण्याला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून पाणी साचलेल्या रस्त्यावर तो लवकर तरंगतो. रुंदीवर घालायचे पैसे चांगल्या रबरावर घाला, ओल्या घाटात फरक तिथे पडतो.

टायर बसवल्यावर पुढचं एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवा, स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि आत बॅटरी मारून पाहा. टायर आणि स्ट्रटच्या मध्ये करंगळी गेली पाहिजे. आठवडाभर चालवून पुन्हा वाका: टायरच्या आतल्या भिंतीवर चकाकता गोल पट्टा दिसला किंवा लायनरवर काळी घासलेली खूण असली, तर रिम परत करायची वेळ तीच.

पुढच्या आठवड्यात टो आणि कॅम्बर.