हरकती पाठवल्या, पुढे काय? जनसुरक्षा विधेयकातून आपण काय शिकायचे

मार्च २०२५ मध्ये विरारमधल्या आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तयार मजकूर फिरत होता. ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक रद्द करा’ एवढाच त्याचा आशय. खाली नाव टाकायचे आणि विधिमंडळाच्या ईमेलवर पाठवून द्यायचे. आम्हीही पाठवला. त्यानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसलो असताना एका मुलीने विचारले, “पण विधेयक वाचलंय कोणी?” वीसेक जण होतो. एकाचाही हात वर झाला नाही. कार्यकर्ते म्हणवणाऱ्या आमचाही नाही.

त्या दिवसापासून आम्ही ही प्रक्रिया समजून घेतो आहोत. सरकार एखाद्या कायद्यावर जनतेच्या सूचना आणि हरकती मागवते तेव्हा नेमके काय होते, त्यातून काय साधते आणि काय साधत नाही, ते या लेखात मांडतो आहोत.

नेमके काय घडले?

हे विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आले. ते मंजूर होण्याआधीच विधानसभेची मुदत संपली. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ते पुन्हा मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे सोपवण्यात आले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. समितीने जनतेकडून सूचना मागवल्या. बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला. १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक मंजूर केले.

बारा हजारांनंतर बदलले काय? ठळक बदल तीन. पहिला, विधेयकाच्या उद्देशात कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तशा प्रकारच्या संघटनांचा उल्लेख आला. दुसरा, संघटनेवरील बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. तिसरा, तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला.

ज्या व्याख्येवर सर्वाधिक आक्षेप होता, ती ‘बेकायदेशीर कृत्य’ ही व्याख्या मात्र सैलच राहिली. कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणेही तिच्यात बसते. काळाराम मंदिर सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या समाजाला यातला धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

विधानसभेत मतदानाच्या वेळी उघड विरोध नोंदवणारे आमदार एकच होते, माकपचे विनोद निकोले. ते आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणूचे. जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत. उरलेल्या पाच मतदारसंघांतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी, म्हणजे आम्हीसुद्धा, आपापल्या आमदाराला मतदानाआधी एकदा तरी गाठले होते का? आम्ही गाठले नव्हते. ईमेल पाठवला म्हणजे काम झाले, असे समजून बसलो होतो.

हरकत म्हणजे मत नव्हे

समिती हरकती मोजून बहुमताने निर्णय घेत नाही. सूचना मान्य करण्याचे बंधन तिच्यावर नसते. तिच्यासमोर विधेयक कलमवार येते. म्हणून ‘अमुक कलमातला हा शब्द काढा, त्याजागी हा घाला, कारण हे’ अशी सूचना तिला हाताळता येते. एकाच मजकुराच्या हजार प्रती आल्या, तर त्यातला मुद्दा एकच राहतो.

याचा अर्थ ‘रद्द करा’ ही मागणी चुकीची होती असे नाही. ती राजकीय मागणी आहे. तिची जागा मोर्चात, सभेत आणि आमदाराच्या दारात आहे. समितीपुढे ती मांडतानाही सोबत कलमवार कारणे हवीत. दोन्ही कामे लागतात. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

बाबासाहेबांनी निवेदने कशी दिली?

२७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, अशा नेमक्या मागण्या त्यांनी केल्या. १९२८ मध्ये देशभर सायमन कमिशनवर बहिष्कार असताना त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे लेखी निवेदन दिले आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात साक्षही दिली. त्या निवेदनात १४० सदस्यांच्या प्रांतिक कायदेमंडळात २२ जागा, असा आकडा होता. मागणी, आकडा आणि कारण. निवेदनाचा हा नमुना आपल्या घरचाच आहे.

पुढे बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुमारे आठ महिने लोकांसमोर होता. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आठवण करून दिली की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदीय नियम बौद्ध भिक्षू संघाला ठाऊक होते आणि संघ ते पाळत होता.

नियम आहे, सक्ती नाही

केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे, असे त्यात आहे. पण हे धोरण आहे, कायदा नाही. २०२० चे तीन कृषी कायदे आधी अध्यादेश म्हणून आले, संसदीय समितीकडे न जाता मंजूर झाले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर मागे घ्यावे लागले. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समितीकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले.

म्हणजे सूचना देण्याचे दार मुळातच कमी वेळा उघडते. उघडेल तेव्हा तयारी नसेल, तर तोटा आपलाच.

पुढच्या वेळी काय करायचे?

• मसुदा मराठीतून मिळवा आणि विहारात मोठ्याने वाचा. पाच-पाच कलमे वाटून घ्या. पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला पूर्ण विधेयक वाचणे जमत नाही, पाच कलमे जमतात.

• प्रत्येक हरकतीत चार गोष्टी लिहा: कलम क्रमांक, आक्षेपाचा शब्द, त्याचा आपल्या वस्तीवर होणारा परिणाम आणि पर्यायी शब्दरचना.

• मजकूर प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावा. भाषा साधी असली तरी चालेल.

• प्रत्यक्ष साक्षीची संधी लेखी मागा. पोचपावती आणि पाठवल्याची तारीख जपून ठेवा.

• तीच प्रत आपल्या आमदाराला भेटून द्या. सभागृहात दुरुस्ती मांडण्याचा अधिकार त्यांचा आहे. ‘मांडणार का?’ हे स्पष्ट विचारा आणि उत्तर वस्तीत सांगा.

• समितीचा अहवाल सभागृहात आला की आपल्या हरकतींशी ताडून पाहा. काय घेतले, काय सोडले, याची नोंद विहारात ठेवा. पुढच्या निवडणुकीत प्रश्न विचारायला ती उपयोगी पडेल.

सोपाऱ्याचा शिलालेख

आपल्या शेजारी, सोपाऱ्यात, १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आज तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी फिरत, त्याने मात्र धम्मयात्रा सुरू केली. या यात्रेत तो जनपदातल्या लोकांना भेटे, त्यांना धम्म सांगे आणि त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे करी.

आपण बुद्ध पौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर जातो, मेणबत्त्या लावतो. राज्यकर्त्याने लोकांत जाऊन त्यांच्याशी बोलावे, ही गोष्ट त्याच मातीत दगडावर कोरलेली होती. आज राजा नाही, संविधान आहे. त्यामुळे कोणी येऊन विचारील याची वाट पाहायची गरज नाही. पुढचा मसुदा येईल तेव्हा विहारात तोच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी आपले हात वर असले पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!